न धरलेले दिवस

आमच्या क्वार्टर्समध्ये थाळी वाजली की हातातलं काम टाकून धावायचं, असा रिवाज होता. जेवायला नव्हे. फाउंड्रीच्या धुराड्यातून पहिला काळा लोट निघालेला ज्या बाईला दिसेल, तिने दारात येऊन उलथन्याने थाळी बडवायची आणि ती ऐकून बाकीच्यांनी झाकाझाक करायची. पाण्याची पिंपं झाकायची, दोरीवरचे कपडे ओढून आत टाकायचे, वाळवणावर जुनं लुगडं पसरायचं, खिडक्या लावून घ्यायच्या. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात थाळी वाजली. आमच्या गावाकडे मूल जन्मलं की थाळी वाजवतात, म्हणून मी कौतुकाने हसत हसत बाहेर आले. सगळ्या बाया आत पळत होत्या आणि मी एकटी अंगणात उभी. माझ्या नव्या पिवळ्या साडीवर काजळी पडली ती पुढे कितीही धुतली तरी गेली नाही.

माझं माहेर चऱ्होलीचं. इंद्रायणीकाठचं गाव, तिथे धूर म्हणजे चुलीचा नाहीतर शेतात पाचट पेटवल्याचा. सासर पिंपरी आणि चिंचवडच्या मध्ये, रुळांपलीकडे. तिथे एक ओतकामाची फाउंड्री होती आणि तिच्या भिंतीला खेटून कामगारांच्या बैठ्या चाळी. घर कंपनीचं, पाणी कंपनीचं, दिवा कंपनीचा. आमचे हे फाउंड्रीत भट्टीवर. मोटारींच्या कारखान्यांना लागणारं ओतीव काम तिथून जायचं आणि रस्त्याने एखादा ट्रक गेला की हे म्हणायचे, "त्याच्या पोटात आपलं लोखंड असेल बघ." त्या भट्टीचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. हे मी तेव्हाही त्यांना तोंडावर म्हणत असे.

भट्टी रोज पेटत नसे. आठवड्यातून दोनदा, काम जास्त असलं तर तीनदा. खाली लाकडं, वर कोळसा रचून पेटवायची. पहिला तास-दोन तास काळापिवळा धूर निघायचा. धुरावर पाण्याचा फवारा मारायची सोय होती, पण भट्टी नीट तापेपर्यंत ती चालू करत नसत. एकदा तापली की धूर पातळ व्हायचा, फवारा सुरू व्हायचा आणि आकाश पुन्हा दिसायला लागायचं. या पेटवणीशिवाय आणखीही प्रसंग असत. वीज गेली की भट्टीला वारा घालणारा ब्लोअर बंद पडायचा, मग भट्टी पुन्हा उठवताना तोच लोट. कधी ओला कोळसा यायचा. कधी आतली वीट ढासळायची. दर वेळी मी कुरकुर केली की हे शांतपणे म्हणायचे, "अगं, हे काय रोजचं आहे का?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्याचा संताप यायला लागला. रोजचं नव्हतं, खरं होतं. सोमवारी पेटवणी म्हणून, बुधवारी वीज गेली म्हणून, शुक्रवारी पुन्हा पेटवणी म्हणून. प्रत्येक दिवसाला आपापलं कारण होतं आणि प्रत्येक कारण त्या दिवसापुरतं होतं. आणि मी तरी कुणावर चिडणार? आपलेच दात, आपलेच ओठ. ज्या भट्टीचा धूर खायचा तिच्यावरच चूल पेटायची.

धाकटीला दमा लागला तेव्हा ती बालवाडीत होती. आधी आम्ही सर्दी समजलो. नंतर समजलं की पेटवणीच्या दिवशी तिची छाती भरते आणि पुढचे दोन दिवस रात्रीची झोप नाही. दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ होते. औषध द्यायचे, आणि प्रत्येक वेळी जाताना तेच सांगायचे, "बाई, औषधाने वेळ निभेल. हिला तिथून हलवा." हलवा म्हणणं सोपं. भाड्याने बाहेर घर घ्यायचं तर पगार पुरेना. नोकरी सोडायची तर घर आपोआप सुटलं, पण मग खायचं काय? धाकटीला चऱ्होलीला माझ्या आईकडे ठेवायचं, हा एक मार्ग होता. तो मला नको होता. थोरलीची शाळा होती, ह्यांच्या शिफ्टा होत्या, सासूबाई होत्या, मी काही तिच्याबरोबर जाऊन राहू शकत नव्हते. पोटच्या पोरीला दुसऱ्या गावी ठेवून इथे मी पोळ्या लाटत बसायचं, या विचारानेच मला रडू यायचं.

मार्ग एकच दिसत होता. निगडीला प्राधिकरणात कंपनीने काही नवी घरं घेतली होती. तिकडे धूर जात नसे. मी पदर खोचून कंपनीच्या कामगार कल्याण अधिकाऱ्यांकडे गेले. ह्यांना न सांगता गेले, कारण सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं. साहेबांनी खुर्ची दिली, चहाही मागवला. म्हणाले, "ताई, तुमच्या एकट्यांसाठी घर दिलं तर उद्या सगळी चाळ दारात उभी राहील. पण आता हवेचा कायदा झालाय. सरकारची माणसं ठिकठिकाणी हवा मोजताहेत. आपल्याकडेही येणार आहेत. त्यांनी सांगितलं की ही जागा राहण्यालायक नाही, तर आम्ही पुढच्या दोन्ही चाळी निगडीला हलवू. साहेबलोकांनी तसं ठरवलंय." हे खरं होतं, मी नंतर चार ठिकाणी विचारून खात्री केली. घरी आल्यावर ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मग एका सकाळी भाकरी खाता खाता म्हणाले, "निगडीला म्हणे नळाला चोवीस तास पाणी असतं." त्यावरून मी समजले की त्यांचाही विरोध नाही.

त्या फेब्रुवारीत खरोखरच माणूस आला. पुण्याच्या कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेतला, चष्मा लावलेला, स्कूटरवरून येणारा तिशीतला गृहस्थ. कल्हईवाला, बोहारीण तसा आमच्या बायांनी त्याला हवेवाला करून टाकला. त्याच्या मागोमाग आलेल्या टेम्पोतून एक पत्र्याचं यंत्र उतरलं. उंचीला माणसाच्या छातीएवढं, वर उतरतं छप्पर, छपराखाली चारी बाजूंनी फट. फटीतून हवा आत ओढली जायची आणि आत पसरलेल्या पांढऱ्या कागदातून जायची. कागदावर काय बसतं ते तो दुसऱ्या दिवशी घेऊन जाणार, तोलणार. यंत्र ठेवलं न्हाणीघरांच्या गच्चीवर, कारण तिथे चढायला पायऱ्या होत्या, मोकळी हवा होती आणि आमच्या घरातून वायर ओढता येत होती. तिथेच सगळ्या चाळीचं वाळवण असायचं. पापडकुरडयांच्या मधोमध ते उभं राहिलं आणि घरघरायला लागलं. माझ्या सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून देऊळ म्हणू लागल्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या मावळातल्या, नवरा गेल्यावर मुलाकडे आलेल्या. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. धुतलेलं पातेलं पुन्हा धुतल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. धाकटीवर त्यांचा जीव होता. ती खोकायला लागली की आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत बसायच्या आणि धुराड्याला अस्सल मावळी शिव्या द्यायच्या. हवेवाल्याने यंत्र लावलं तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना जमवून सांगितलं, "याला सांभाळा. मोठ्या मुश्किलीने मिळालंय. याचं काही झालं तर दुसरं केव्हा येईल सांगता येत नाही, आणि मग तुमचं मोजमाप राहून जाईल."

"तुमी नका काळजी करू," आत्या म्हणाल्या. "माझ्या नातीसाठी आलंय ते. मी हाय ना."

पहिल्याच आठवड्यात माझं आणि हवेवाल्याचं वाजलं. तो कागद बदलायला आला होता, मी पापड उलटत होते. सहज विचारलं, "उद्या पेटवणी आहे. उद्याचा कागद चांगला काळा निघेल, नाही?"

तो म्हणाला, "उद्याचा दिवस धरायचा नाही, ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे भट्टी पेटवायचा दिवस हा नेहमीचा दिवस नाही. आमच्याकडे अशी पद्धत आहे. नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं असेल तर तो दिवस बाजूला काढायचा. होळी, फटाके, वादळ, कुठे आग लागली, यंत्रात बिघाड झाला, असे दिवस सोडून उरलेल्या दिवसांवरून ठरवायचं."

मी हातातला पापड खाली ठेवला. "आणि वीज जाते तो दिवस?"

"तोही सोडावा लागेल."

"मग उरलं काय? रविवार?"

तो हसला. मला हसू आलं नाही. त्याच्याही बाजूने बोलण्यासारखं होतं, ते त्याने नीट सांगितलं. उन्हाळ्यात वावटळ उठते, माळावरची सगळी माती उडते. त्या दिवशी कागद काळा-तांबडा निघाला तर तो फाउंड्रीच्या माथी मारायचा का? ज्याने केलं नाही त्याला शिक्षा होईल. हे मला पटलं. वावटळ कुणी पेटवत नाही. ती येते आणि जाते. होळीही मी सोडून दिली, वर्षातून एकदाच असते आणि ती आपण आपल्या हौसेने पेटवतो. पण भट्टी?

"भट्टी तर माणूस पेटवतो," मी म्हटलं. "कधी पेटवणार ते आधी ठरवतो, हजेरी लावून येतो, काडी ओढतो. हे वेगळं कसं? आणि वीज आमच्याकडे इतक्यांदा जाते की न गेली तर बाया एकमेकींना विचारतात. साहेब, तुम्ही ते दिवस बाजूला काढाल. माझी मुलगी काय त्या दिवशी श्वास बाजूला काढून ठेवते?"

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून जरा वरच्या पट्टीत गेलं. तो कागद पाकिटात घालून निघून गेला. संध्याकाळी ह्यांनी मला चांगलंच सुनावलं, कारण चाळीत बातमी पसरली होती. सरकारी माणसाशी भांडलीस, तो उद्या काही उलटसुलट लिहून मोकळा होईल. मलाही धास्ती वाटली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करायची सवय असलेल्या घरात कुणी तोंड उघडलं की आधी घरच्यांनाच भीती वाटते.

पण हवेवाला सरळ मनाचा निघाला. पुढच्या खेपेला तो मुद्दाम आमच्या दारात आला. म्हणाला, "मी विचार केला, ताई. वरिष्ठांशी बोललोही. ते नाही म्हणत होते, पण मी म्हटलं, जी गोष्ट पुन्हा पुन्हा होणार आणि जी टाळणं माणसाच्या हातात आहे, तिला अपवाद म्हणायचं कसं? वावटळ आणि होळी सोडू. पेटवणीचे दिवस धरायचे, वीज गेल्याचेही धरायचे. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, तुझ्या जबाबदारीवर कर."

मी त्याला बसा म्हटलं आणि साजूक तुपातला शिरा केला. आत्यांनी त्याला आग्रहाने दुसऱ्यांदा वाढला. तो गेल्यावर मी आत्यांना समजावून सांगितलं की आता पेटवणीचेच दिवस महत्त्वाचे, त्यावरच निगडी ठरणार. त्यांनी मान डोलावली. "मंग तर त्याला लईच जपाया पायजे," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

पेटवणीच्या सकाळी माझं काम ठरलेलं असे. थाळी वाजली की मी धाकटीला घेऊन आतल्या खोलीत जायची, दार लावायची, दाराखालच्या फटीत गोधडीचा तुकडा कोंबायची, खिडकीच्या झरोक्यावर ओलं फडकं लावायची. मग आम्ही दोघी अंधारात बसायचो. बाहेर पळापळ, पिंपांवर पडणाऱ्या झाकणांचे आवाज, मग सगळं सामसूम. आत उकडायचं. बंद दारामुळे धूर कमी यायचा, पण हवाही यायची नाही. दार उघडलं तर धूर आणि लावलं तर घुसमट, अशी गत. धाकटीच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि मी तिला मांडीवर उभं धरून तिच्या बरगड्या वरखाली होताना हाताने चाचपत बसायची. कित्येकदा वाटायचं की भिंती फोडून तिला घेऊन पळत सुटावं, थेट चऱ्होलीपर्यंत. आणि दुसऱ्या क्षणी दुधाचं पातेलं झाकलं की नाही याची आठवण यायची.

त्या दोन महिन्यांत मात्र अंधारात एक आधार होता. गच्चीवरच्या यंत्राची घरघर भिंतीतून ऐकू यायची. मी धाकटीला सांगायची, "ऐक. ते सगळा धूर ओढून घेतंय. आपलं कुणीतरी लिहून ठेवतंय." तिला ते पटायचं. धूर ऐन भरात आला की घरघर थोडी दबल्यासारखी, घशात काही अडकल्यासारखी व्हायची. मला वाटायचं, बिचाऱ्याचा कागद काजळीने तुंबला असेल. मी मनात म्हणायची, भरू दे. अजून भरू दे. दुसऱ्याच्या घुसमटीवर इतकी खूश मी कधी झाले नव्हते.

एप्रिलच्या शेवटी हवेवाला यंत्र न्यायला आला. सोबत टेम्पो आणि दोन माणसं. मी धावतच गच्चीवर गेले. धाकटी माझ्या पदराला धरून. आत्या आधीच वर होत्या, त्यांनी त्याच्यासाठी चहा आणला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता.

तो म्हणाला, "ताई, मी तुमच्यासाठी भांडलो. पण सगळे कागद आता तोलून झालेत आणि ते वेगळंच सांगताहेत. इतर दिवसांचे कागद करडे आहेत, ते ठरलेल्या मर्यादेत बसतात. आणि पेटवणीच्या दिवसांचे कागद त्यांच्याहूनही फिके. काजळीचा काळेपणा कुठेच नाही. वरिष्ठ मला विचारताहेत, धूर कुठे होता?"

"असं कसं होईल?" मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांसमोर धूर होता. ह्या पोरीला विचारा."

"मला माहीत आहे. म्हणूनच समजत नाही."

तेवढ्यात आत्या कप पुढे करत म्हणाल्या, "काजळी कुठनं यील? मी झाकत व्हते ना."

त्या अभिमानाने म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी काम फत्ते झाल्याचा आनंद होता.

हवेवाल्याने हळू आवाजात विचारलं, "काय झाकत होता, आजी?"

"हे देऊळ. थाळी वाजली की पापडावर लुगडं टाकायचं, तसंच एक ह्याच्यावर टाकायचं. चांगलं चौघडी करून, सुतळीनं बांधून. धूर सरला की काढायचं. तुमीच म्हनला व्हता ना, सांभाळा म्हनून. लोकाची वस्तू, काजळीत घान नसती का झाली? एक दिस बी मी चुकले न्हाई."

खरंच चुकल्या नव्हत्या. चाळीतल्या सगळ्या बायांनी त्यांना झाकताना पाहिलं होतं आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. थाळी वाजली की चांगली वस्तू झाकायची, हे आमच्या हातांना इतकं ठाऊक होतं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी बाहेर असते तर कदाचित मीच सुतळी शोधून दिली असती.

मग मला एकदम सुचलं. सगळी काजळी त्या लुगड्याने अडवली असणार. म्हणजे ती लुगड्यात आहे. मी आत्यांचा हातच धरला. "आत्या, ते लुगडं कुठंय?"

त्यांनी दोरीकडे बोट दाखवलं. लुगडं तिथे वाळत होतं, रंग उडालेलं, पांढरट, निळीचा हात फिरवलेलं. "धुतलं की. दर बारीला धुते. आमी काय घान ठेवतो व्हय?"

हवेवाल्याने चहाचा कप कठड्यावर ठेवला. मी त्याला म्हटलं, पुन्हा मोजा, एकच महिना मोजा. तो म्हणाला, यंत्र उद्या दुसऱ्या गावी जायचंय, तिथली माणसं वाट बघताहेत. मी पुन्हा मागणी करतो. मग, चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता त्याने उरलेलं सांगितलं. ज्या दिवशी यंत्र झाकलेलं होतं ते दिवस आता हिशेबात धरता येणार नाहीत. यंत्राबाबत काही वेगळं घडलं, म्हणजे तो दिवस बाजूला. उरलेल्या दिवसांवरून ठरवावं लागेल. आणि उरलेले दिवस मर्यादेत होते.

मी त्याच्यावर रागावले नाही. रागवायला जागाच कुठे होती? इतकं भांडून मी ते दिवस हिशेबात आणले होते आणि ते पुन्हा त्याच दाराने बाहेर गेले. कंपनीत निरोप पोचला की जागा राहण्यालायक आहे. कामगार कल्याण साहेबांनी ह्यांना बोलावून मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं. ह्यांनी घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि कधी नव्हे ते भट्टीला एक शिवी दिली.

संध्याकाळी मी भाकरी थापत असताना आत्या चुलीपाशी येऊन बसल्या. राखेत काडीने रेघा ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "माज्यामुळं ऱ्हायलं का गं निगडीचं?"

मी म्हटलं, "नाही आत्या. त्यांचं आधीच ठरलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या अडाणी होत्या, खुळ्या नव्हत्या. उठून गेल्या.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी धाकटीला मी चऱ्होलीला सोडून आले. पत्र्याच्या पेटीत तिचे फ्रॉक, पाटी, औषधाच्या बाटल्या. ती रडली नाही, याचंच मला जास्त लागलं. परत येताना बसमध्ये मीच सगळ्यांदेखत रडले, आणि शेजारच्या बाईने मला मायेने विचारलं की कोण गेलं. तिकडे तिची छाती महिनाभरात मोकळी झाली. मी आठवड्याच्या सुट्टीला जायची तेव्हा ती मला तिच्या नव्या मैत्रिणी दाखवायची. माझ्या आईने संध्याकाळी चूल पेटवली आणि धूर जरा जास्त झाला की ती खेळ टाकून आत यायची आणि न सांगता पाण्याचा हंडा झाकायची. माझी आई हसायची. मला हसता येत नसे.

इकडे आत्यांनी एक नवीनच सुरू केलं. थाळी वाजली की सगळ्या बाया झाकायला धावायच्या आणि आत्या ते लुगडं घेऊन गच्चीवर जायच्या. कशावर टाकायच्या नाहीत. जिथे यंत्र उभं होतं त्या जागी उघडंच पसरायच्या, चार कोपऱ्यांवर चार विटा. स्वतः खाली येऊन दारात बसायच्या, धूर सरेपर्यंत. मग ते जपून घडी घालून माळ्यावर ठेवायचं, पुढच्या पेटवणीला पुन्हा काढायचं. धुवायचं नाही. वीज गेली तरी पसरायचं, ओला कोळसा आला तरी पसरायचं, पाऊस असला तर न्हाणीघराच्या वळचणीला टांगायचं. ज्या बाईला धुतलेलं पातेलं दोनदा धुतल्याशिवाय झोप येत नसे, तिच्या माळ्यावर ते काळं, चिकट, धुराचा वास येणारं गाठोडं राहू लागलं. चाळीतल्या बाया म्हणायच्या, म्हातारीला चळ लागला. मी कुणाला काही सांगितलं नाही.

दिवाळीत धाकटी चार दिवसांसाठी घरी आली. आजीने माळ्यावरून ते काय उतरवलं म्हणून जवळ गेली. आत्यांनी तिला हात लावू दिला नाही. लांबूनच घडी उलगडून दाखवली. लुगड्याचा मूळ रंग कुठेच उरला नव्हता, विटांच्या चार पांढऱ्या खुणा सोडल्या तर.

"हे कशाला ठेवलंय, आजी?" तिने विचारलं.

"तो हवेवाला यील ना परत, त्याला दावायला," आत्या म्हणाल्या. "यात समदे दिस हायेत बघ. एकबी सोडला न्हाई."

तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी पेटवणी होती, म्हणून धाकटीला आम्ही संध्याकाळच्या बसने चऱ्होलीला पाठवून दिलं.